शाळाप्रवेशाची परीक्षा आणि लहान मूल : पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळीच्या आसपास खासगी शाळांचे प्रवेशअर्ज निघू लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळी आलेल्या पत्रांतून चार पत्रे निवडली आहेत. मुलांची वये तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंत असल्यामुळे उत्तरेही एकसारखी नाहीत. तीन वर्षांच्या मुलाला जे घातक, ते आठ वर्षांच्या मुलीला थोड्या प्रमाणात आवश्यकही ठरू शकते.

प्रश्न : माझा मुलगा नुकताच तीन वर्षांचा झाला. पुढील वर्षाच्या नर्सरीसाठी ठाण्यातील दोन आयसीएसई शाळांत अर्ज करणार आहोत. दोन्हीकडे मुलाशी आणि आमच्याशी ‘इंटरॅक्शन’ असते. आमच्या संकुलातील बरीच मुले त्याच्या तयारीच्या क्लासला जातात. तेथे रंग, आकार, प्राणी, शंभरपर्यंत अंक आणि इंग्रजीतून स्वतःची ओळख पाठ करून घेतात. आम्ही घरी मराठीच बोलतो. मुलगा घरात अखंड बडबडतो, परंतु अनोळखी माणूस दिसला की माझ्या मागे लपतो. त्याला क्लासला घालावे का? घरात इंग्रजी बोलायला सुरुवात करावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : क्लासला घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलावर ताण येतो हे त्याचे एक कारण झाले. परंतु ज्या दहा-पंधरा मिनिटांसाठी हा सगळा खटाटोप चालतो, त्या दहा-पंधरा मिनिटांतही या पाठांतराचा फारसा उपयोग होत नाही, हे दुसरे कारण पालकांना कोणी सांगत नाही. अनुभवी शिक्षिका तीन वर्षांच्या मुलासमोर मणी, ठोकळे किंवा चित्रांचे पुस्तक ठेवते तेव्हा ते मूल वस्तू हाताळते का, साधी सूचना समजून घेते का, काही वेळ आईवडिलांपासून दूर राहू शकते का आणि विचारलेल्याचे आपल्या पद्धतीने उत्तर देते का, एवढेच तिला पाहता येते. शंभरपर्यंत अंक म्हणणाऱ्या मुलाला ‘मला चार मणी दे’ म्हटले, तर या वयातील पुष्कळ मुले मूठभर मणी उचलून देतात. अंकांची नावे क्रमाने म्हणणे वेगळे आणि चार म्हणजे किती हे कळणे वेगळे. दुसरी गोष्ट साधारणपणे साडेतीन ते चार वर्षांच्या सुमारास जमू लागते आणि पाठांतराने ती लवकर येत नाही. ‘आज कोणाबरोबर आलास?’ या प्रश्नाला स्वतःचे नाव, वय आणि आवडता रंग एका दमात सांगणारे मूल क्लासमधून आले आहे, हे समोरच्या बाईंना पहिल्या वाक्यातच कळते.

काही क्लास पेन्सिल धरून अक्षरे गिरवून घेतात. तीन वर्षांचे मूल सामान्यतः वर्तुळ काढू शकते. अधिकचे चिन्ह आणि चौकोन चार वर्षांच्या आगेमागे, तर त्रिकोण पाचच्या सुमारास जमतो. या वयात मनगटाची हाडेही पूर्ण तयार झालेली नसतात. म्हणून अक्षरांपेक्षा कणीक मळणे, वाटाणे सोलणे, बरणीचे झाकण फिरवणे, कागद फाडून चिकटवणे ही कामे त्याच्या बोटांना अधिक उपयोगी पडतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे बालवाडीचे काम उभे केले. तेव्हापासून मराठी बालशिक्षणाची परंपरा आजूबाजूच्या वस्तूंतूनच मुलाला शिकवत आली आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच वाढलेल्या त्या परंपरेचा विसर आज ठाण्यातच पडावा, याची थोडी खंत वाटते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत खरे काम आहे ते अनोळखी माणसांच्या सवयीचे. भाजीवाल्याच्या हातात पैसे त्याने द्यावेत, शेजारच्या काकूंना वाटी परत नेऊन द्यावी, दुकानात स्वतःच्या तोंडाने बिस्किटाचा पुडा मागावा. आठवड्यातून एकदोनदा मावशीकडे किंवा विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे अर्धा-पाऊण तास त्याला ठेवावे आणि जाताना त्याची नजर चुकवून निसटू नये. ‘मी जाऊन येते’ असे सांगून जावे आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे. आई दिसेनाशी झाली तरी परत येते, हा भरवसा ज्याला आहे ते मूल शाळेच्या खोलीत अधिक सहजपणे जाते. पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव, म्हणून दाखव’ हा आपल्याकडचा लाडका प्रकार मात्र काही महिने बंद ठेवावा, कारण लाजणारे मूल त्यामुळे आणखी मिटते. रोज रात्री एक गोष्ट सांगावी आणि मधेच थांबून ‘मग पुढे काय झाले असेल?’ असे विचारावे. शाळेतील भेटीसाठी वेळ निवडता येत असेल तर त्याची झोप झालेली असेल अशी निवडावी आणि त्याला ‘आज मुलाखत आहे, नीट बोल’ असे सांगू नये. एक शाळा पाहायला जायचे आहे, तेथे एक बाई तुझ्याशी बोलतील, एवढे पुरे.

घरातील मराठी अजिबात बंद करू नये. आई ज्या भाषेत रागावते, समजावते आणि हसते, त्या भाषेत मुलाला लांब वाक्ये ऐकायला मिळतात. प्रवेशासाठी तिने तुटक इंग्रजी सुरू केले तर ती वाक्ये जातात आणि त्यांच्या जागी ‘ईट’, ‘सिट’, ‘कम’ एवढ्या आज्ञा उरतात. ज्याला गोल आणि चौकोनी यांतील फरक कळला आहे त्याला त्यांची इंग्रजी नावे शिकायला वेळ लागत नाही. इंग्रजी चित्रपुस्तके आणि गाणी घरात जरूर असावीत. अर्जात किंवा भेटीच्या सुरुवातीला ‘आमची घरची भाषा मराठी आहे, तो मराठीत उत्तरे देईल’ असे सांगून टाकावे. त्यावर शाळेची प्रतिक्रिया काय होते, हे पाहून त्या शाळेविषयी तुम्हालाही बरेच काही कळेल.

तयारी पालकांनी स्वतःची करावी. या शाळेतच का, मूल दुपारी कोणाजवळ असते, ते हट्ट करते तेव्हा तुम्ही काय करता, असे प्रश्न तुम्हाला विचारले जातील, आणि आईचे उत्तर एक व वडिलांचे दुसरे असे होते तेव्हा ते ताबडतोब लक्षात येते. त्याआधी दोघांनी बसून फीचा हिशेब दहावीपर्यंतचा करावा आणि बसच्या प्रवासाचा हिशेब घोडबंदर रस्त्यावरील सकाळच्या रहदारीसह करावा. अनेक घरांत शाळेचे नाव आधी ठरते आणि हे दोन हिशेब प्रवेश झाल्यावर होतात.

प्रश्न : नोकरीतील बदलीमुळे आम्ही नागपूरहून पुण्यास आलो. मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत घालायची आहे. एका खासगी विनाअनुदानित शाळेने तिची गणित आणि इंग्रजीची लेखी चाचणी घेतली, आम्हा दोघांच्या पदव्यांच्या प्रती मागितल्या आणि नंतर ‘विकासनिधी’चा विषय काढला. शाळा अल्पसंख्याक संस्थेची नाही. हे कायद्यात बसते का? आणि बसत नसेल तर आम्ही काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बसत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यातील कलम १३ असे सांगते की, प्रवेश देताना कोणत्याही शाळेने किंवा व्यक्तीने देणगी घेऊ नये आणि मुलाची अथवा त्याच्या आईवडिलांची कोणतीही चाळणी लावू नये. चाळणी म्हणजे काय, हेही कायद्याच्या व्याख्येतच आहे : एका मुलाला दुसऱ्यापेक्षा प्राधान्य देण्यासाठी वापरलेली, सोडतीसारखी यादृच्छिक पद्धत सोडून इतर कोणतीही निवडपद्धत. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत. देणगीपुरते बोलायचे तर महाराष्ट्रात त्याआधीपासून, १९८७ पासून, स्वतंत्र बंदीचा कायदा आहे. ‘विकासनिधी’ हे नाव दिले म्हणून, जाहीर शुल्कात नसलेली आणि प्रवेशाच्या बदल्यात मागितलेली रक्कम वैध होत नाही.

तुम्ही शाळा अल्पसंख्याक संस्थेची नाही असे आवर्जून लिहिले, ते योग्यच केले, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही असे ठरवले आहे. दुसरी मर्यादा वयाची. कायद्यातील ‘बालक’ सहा ते चौदा वर्षांचे असल्यामुळे नर्सरी आणि केजीच्या प्रवेशांना चाळणीबंदी लागू होत नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिला. त्याच निकालात, कायद्यात दुरुस्ती करून लहान मुलांनाही हे संरक्षण देण्याचा विचार शासनाने करावा, असेही न्यायालयाने सुचवले होते. या फटीचा परिणाम असा झाला की, सहा वर्षांच्या मुलीची परीक्षा घेणे बेकायदा, पण तीन वर्षांच्या मुलाला उलटसुलट प्रश्न विचारायला मात्र अनेक शाळा मोकळ्या! केंद्र सरकारने नेमलेल्या प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ च्या अहवालात नर्सरी प्रवेशासाठीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, अशी स्पष्ट शिफारस केली होती. पायाभूत स्तरासाठीचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तीन ते आठ या वयासाठी चाचण्या व परीक्षा पूर्णपणे अयोग्य ठरवतो. शिफारसी आहेत, आराखडे आहेत. सक्ती मात्र पहिलीपासून पुढेच आहे.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. सर्वप्रथम शाळेला लेखी, शक्यतो ईमेलने, एवढेच विचारावे की पहिलीच्या प्रवेशाचे जाहीर निकष कोणते आहेत आणि चाचणीचा त्यात काय उपयोग केला जातो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेला अंतर किंवा भावंड शिकत असणे यांसारखे तर्कसंगत निकष आधी जाहीर करता येतात, परंतु पालकांच्या शिक्षणावरून निवड करता येत नाही. म्हणजे पदव्यांच्या प्रतींचा प्रश्न येथेच निकालात निघतो. असे साधे, कोणताही आरोप न करणारे पत्र गेल्यावर शाळेने भूमिका बदलली तर बरेच. तसे न झाल्यास कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असे कायदा म्हणतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. चाचणीच्या दिवसाचे पत्र, संदेश, पैशांविषयी झालेल्या बोलण्याची तारीख, सगळे जपून ठेवावे. रोख रक्कम पावतीशिवाय कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

तक्रार करायची की नाही, हा प्रश्न मात्र कायद्याचा नाही. ज्या शाळेशी पहिल्याच महिन्यात भांडण झाले तेथे मुलीला दहा वर्षे पाठवायची का, अशी धास्ती पालकांना वाटते आणि ती खोटी म्हणता येत नाही. माझे मत असे की, पुण्यासारख्या शहरात दुसरा बरा पर्याय असेल तर मुलीला तेथे घालावे आणि तक्रार तरीही करावी; मुलगी त्या शाळेत नसली म्हणजे तुमचा हातही मोकळा राहतो. दोन गोष्टींत गल्लत मात्र करू नये. प्रवेश पक्का झाल्यावर मुलीला काय येते आणि कोठे मदत लागेल हे पाहण्यासाठी शिक्षिकेने चार गणिते घातली, तर ती चाळणी नव्हे. नागपूरच्या शाळेत वेगळी पुस्तके असतील तर तशी पाहणी तिच्या हिताचीच आहे.

प्रश्न : आम्ही लंडनमधील हॅरो येथे राहतो. मुलगी इयर फोरमध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे. जन्म ऑगस्टचा, त्यामुळे वर्गात सर्वांत लहान. इलेव्हन प्लससाठी, म्हणजे माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी, दोन ग्रामर शाळा (परीक्षेवरून प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा) आणि तीन खासगी शाळा मनात आहेत. शिकवणीचे सर आतापासून आठवड्याला चार तास आणि दर शनिवारी चाचणी सुचवतात. तिच्या दोन मैत्रिणींचे हे सुरू झाले आहे. मुलीला वाचनाची आवड आहे, परंतु घड्याळ लावले की ती रडते. माझ्या पतींनी साताऱ्यात शिष्यवृत्ती परीक्षेत यश मिळवले होते, त्यामुळे त्यांना या तयारीत काही गैर वाटत नाही.
— एक वाचक, हॅरो

उत्तर : तुमच्या पतींचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने ठरलेल्या स्वरूपाची परीक्षा देणे आणि तिची तयारी करणे यात गैर काही नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या मुलाखतीशी या परीक्षेची तुलना करता येणार नाही. इलेव्हन प्लसमधील शाब्दिक आणि अशाब्दिक तर्काचे प्रश्न त्यांना ओळखीचे वाटतील, कारण आपल्या शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत सांकेतिक भाषा, गटात न बसणारे पद, आकृत्यांची मालिका, आरशातील प्रतिमा हेच असते. हे प्रकार त्यांनीच मुलीला रविवारी अर्धा तास, कोडी घालावीत तसे घालावेत. पहिल्या वर्षी त्यासाठी शिकवणीचे पैसे खर्च करण्याचे कारण नाही. फरक आहे तो इंग्रजीच्या शब्दसंपत्तीचा, आणि तेथे तुमच्या मुलीचे वाचन हेच तिचे खरे भांडवल आहे. शनिवारच्या चाचण्यांनी तिचा वाचनाचा वेळ आणि वाचनाची आवड खाल्ली, तर तो सौदा तोट्याचा ठरेल.

आधी शाळांची यादी घेऊन बसावे, कारण ‘इलेव्हन प्लस’ या नावाखाली एक परीक्षा नाही. इंग्लंडमधील १६३ ग्रामर शाळा सरकारी खर्चाने चालतात आणि फी घेत नाहीत. त्यांच्या परीक्षा बहुतेक ठिकाणी इयर सिक्सच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या, सुरुवातीला, सप्टेंबरमध्ये होतात, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या शाळाअर्जाच्या मुदतीपूर्वी निकाल हाती येतो. परीक्षेची नोंदणी मात्र त्याआधी, इयर फाइव्हच्या उन्हाळ्यातच करावी लागते. खासगी शाळा आपल्या परीक्षा साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात घेतात आणि प्रत्येकीचे स्वरूप वेगळे असू शकते. अनेक शाळा आयएसईबी या खासगी शाळांच्या परीक्षा मंडळाची संगणकावरील सामायिक पूर्वचाचणी वापरतात. तीत इंग्रजी, गणित, शाब्दिक तर्क आणि अशाब्दिक तर्क असे चार भाग असतात, उत्तरांनुसार पुढील प्रश्न सोपे-अवघड होत जातात, दिलेल्या उत्तराकडे परत जाता येत नाही आणि ती वर्षातून एकदाच देता येऊन तिचे गुण निवडलेल्या सर्व शाळांकडे जातात. ज्या मुलीला ‘अवघड प्रश्न सोडून पुढे जा, शेवटी परत ये’ हे वळण कागदी चाचण्यांतून लावले आहे, तिची या परीक्षेत पंचाईत होते. तुमच्या पाच शाळांपैकी कोणती कोणत्या प्रकारात मोडते, हे शाळांच्या संकेतस्थळांवरून स्वतः तपासल्याशिवाय कोणत्याही शिकवणीचे वेळापत्रक मान्य करू नये.

ऑगस्टच्या जन्माची काळजी थोडी कमी करावी. या परीक्षांतील गुण बहुधा वयानुसार प्रमाणित केले जातात, म्हणजे तितकीच उत्तरे बरोबर असतील तर सप्टेंबरात जन्मलेल्या मुलीपेक्षा ऑगस्टमधील मुलीचा प्रमाणित गुण जास्त येतो. इयर फोरमध्ये दिसणारी वर्षभराची तफावत परीक्षेपर्यंत काही प्रमाणात कमीही होते. घड्याळ मात्र सध्या कपाटात ठेवावे. या वर्षी पाढे, अपूर्णांक, शाळेच्या गणितातील कच्चे दुवे आणि रोजचे वाचन. इयर फाइव्हमध्ये आठवड्यातून दोनदा, चाळीस-पन्नास मिनिटांची शिस्तशीर तयारी. वेळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका फक्त शेवटच्या काही महिन्यांत, तीही आधी एकेका भागाची. गरज वाटल्यास शिकवणी त्या शेवटच्या टप्प्यात लावावी. नमुना प्रश्नपत्रिका सोडवल्यावर गुणांपेक्षा चुकलेल्या प्रश्नांवर बोलावे : प्रश्न वाचलाच नाही, समजला नाही, की समजून हिशेबात चुकला? चार तासांच्या सरावापेक्षा या वीस मिनिटांचा उपयोग जास्त होतो.

खासगी शाळांच्या मुलाखतीसाठी उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. तेथे एखादा उतारा, चित्र किंवा वस्तू समोर ठेवून मुलीला विचार करताना पाहतात. घरी जेवताना तिच्या पुस्तकाविषयी मराठीतून झालेला वादही त्याचीच तयारी आहे, हे आवर्जून सांगतो, कारण परदेशातील बरीच मराठी कुटुंबे परीक्षेच्या वर्षी सर्वांत आधी मराठी शाळेचा रविवार रद्द करतात.

पैशांविषयी एक गोष्ट. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमधील खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला आहे. ‘स्कॉलरशिप’ हा अनेक शाळांत प्रामुख्याने मान असतो आणि त्यातून फी थोडीच कमी होते. मोठी सवलत ‘बर्सरी’तून मिळते आणि ती कुटुंबाचे उत्पन्न पाहून ठरते. मुलगी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ‘परवडत नाही’ असे सांगण्याची वेळ येऊ नये, म्हणून हे आकडे आताच मांडावेत. जवळची चांगली, प्रवेशपरीक्षा न घेणारी सर्वसाधारण शाळाही याच वर्षी तिघांनी मिळून पाहून यावी. मार्चमध्ये कोणती शाळा मिळाली हे कळण्याच्या दिवशी ते नाव पहिल्यांदा ऐकले, तर मुलीला ती शिक्षा वाटते.

प्रश्न : माझी नात सव्वाचार वर्षांची आहे. ज्युनिअर केजीसाठी मुंबईतील तीन शाळांनी तिला नाकारले. तिन्ही ठिकाणी ती काही बोललीच नाही. सून दुखावली आहे आणि नातीच्या देखत सगळ्यांना ‘हिने तोंडच उघडले नाही’ असे सांगते. नात आता शाळेचे नाव काढले की पलंगाखाली जाऊन बसते. आम्ही काय करावे?
— एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : निकालाविषयीचे बोलणे तिच्यासमोर आजपासून पूर्ण थांबवावे. सुनेलाही दोष देऊ नये. तीन ठिकाणचे नकार तिनेही पचवलेले आहेत आणि तिला उपदेशापेक्षा ऐकून घेणारे माणूस हवे आहे. नातीने विचारले तर ‘त्या शाळेत जागा कमी होत्या’ एवढे सांगावे, आणि ते खरेही आहे. पुढील दोन महिने कोठेही मुलाखतीला नेऊ नये. घराजवळची, मुलाखत न घेणारी एखादी बालवाडी पाहावी आणि तेथे तिला प्रथम केवळ अंगणात खेळायला न्यावे, आपण शेजारी बसून राहावे. शक्य असल्यास तुम्हीच काही आठवडे मुंबईस जाऊन राहिलात तर दोघींनाही आधार होईल.

एक गोष्ट तुमच्या पत्रावरून कळत नाही : ती घरी कशी बोलते? घरी मोकळेपणाने, लांब वाक्यांत बोलत असेल आणि बाहेरच गप्प होत असेल, तर वेळ आणि ओळख मिळाल्यावर बहुतेक मुले खुलतात. बालवाडीत रुळल्यावरही महिना-दोन महिने एक शब्द निघाला नाही, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना भेटावे. घरीही तिची वाक्ये दोन-तीन शब्दांचीच असतील, परक्यांना तिचे बोलणे कळत नसेल, किंवा पाठमोरी असताना मारलेली हाक तिला ऐकू जात नसेल, तर प्रश्न लाजाळूपणाचा नसू शकतो. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येते, दुखत नसल्यामुळे ते घरच्यांच्या ध्यानात येत नाही आणि उपचाराने ते बहुधा बरे होते. तसे काहीही आढळल्यास बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घेऊन तिची श्रवणचाचणी करून घ्यावी आणि त्यासाठी पुढच्या प्रवेशाच्या हंगामापर्यंत थांबू नये.